टाका आणि कडी

दिवाळीच्या अंकात हृदयाच्या शस्त्रक्रियेविषयी लिहायला बसणे म्हणजे चकलीच्या ताटाशेजारी औषधाची बाटली आणून ठेवण्यासारखे आहे, हे मला कळते. सणासुदीला हृदयाविषयी बोलायचेच झाले तर ते कवीसारखे बोलावे. त्यातल्या नळ्या, झडपा आणि चरबी यांचा उल्लेख करू नये, असा एक अलिखित संकेत आहे. पण खरे सांगायचे तर माझा आजचा विषय हृदय हा नाहीच. माझा विषय शिवण हा आहे. आणि शिवणीइतका घरगुती विषय दुसरा कोणता असेल?

आमच्या आईच्या हातात दुपारच्या वेळी नेहमी सुई असे. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, मोठ्याच्या सदऱ्यातून धाकट्याचा सदरा, फाटल्या पिशवीला नवे बूड, असा तिचा उद्योग चाललेला असे. शिवणीविषयी तिची मते फार ठाम होती. एखादी शेजारीण नवे पोलके घेऊन आली आणि "कशी झालीय शिवण?" असे विचारू लागली, की आई म्हणे, "आत्ता काय सांगू, बाई? दहा धुणी होऊ देत, मग दाखवा." नवी शिवण सगळ्यांचीच सुबक दिसते. ती उसवते का, आवळते का, कापडाला चुणी पाडते का, हे पाण्यातून आणि उन्हातून गेल्यावरच कळते. माणसाच्या रक्तवाहिन्या जोडण्याच्या कलेला हेच शहाणपण मिळवायला शंभर वर्षे लागली, आणि त्याची किंमतही मोठी पडली. तीच हकिगत मला सांगायची आहे.

आमच्या शाळेच्या पुस्तकात धमनीला 'रोहिणी' म्हणत आणि शिरेला 'नीला' म्हणत. इतके सुंदर शब्द टाकून देणे माझ्या जिवावर येते. म्हणून या लेखापुरती तीच नावे वापरतो. तर १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांना लियाँ शहरात एका मारेकऱ्याने सुरा भोसकला. यकृताकडे जाणारी मोठी नीला कापली गेली. नामांकित शस्त्रवैद्य जमले. पण तुटलेली रक्तवाहिनी शिवायची कशी हे त्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. देशाचा प्रमुख सर्वांच्या देखत रक्तस्रावाने गेला. त्याच शहरात अलेक्सी कॅरेल नावाचा एक तरुण वैद्यक शिकत होता. कापड शिवता येते, कातडे शिवता येते, मग रक्तवाहिनी का शिवता येऊ नये, असा प्रश्न त्याच्या मनाने घेतला.

लियाँ हे रेशमाचे शहर. कॅरेलने काय करावे? तो भरतकाम करणाऱ्या एका बाईकडे गेला आणि तिच्यापाशी बारीक सुईने, बारीक रेशमी दोऱ्याने टाके घालायला शिकला. १९०२ साली त्याने आपली रीत प्रसिद्ध केली. गोल नळीचे तोंड शिवणे अवघड, कारण सुई सारखी वळवावी लागते आणि समोरची कड चुकून टाक्यात सापडते. कॅरेलने त्या वर्तुळाला तीन ठिकाणी तीन टाके घालून ते ताणले. वर्तुळाचा झाला त्रिकोण. मग सरळ रेषेत शिवत जायचे! कल्पना इतकी साधी, की ती एखाद्या गृहिणीला सहज सुचली असती. १९१२ साली या माणसाला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्या आयुष्यात वंशशुद्धीबद्दल त्याने जी मते मांडली ती वाचून अंगावर काटा येतो. पण त्याची सुई निर्दोष होती, आणि तिचे ऋण आजही जगभर फेडले जात आहे.

मात्र सुईचा कंटाळा माणसाला तेव्हाही होताच. कॅरेलच्याही आधी, १९०० साली, एर्विन पायर नावाच्या शस्त्रवैद्याने मॅग्नेशियमच्या बारीक कड्यांनी रक्तवाहिन्या जोडण्याची युक्ती पुढे आणली होती. म्हणजे टाका आणि कडी यांची स्पर्धा जन्मापासूनचीच म्हणायची. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. माणसाच्या हृदयावर ज्याला आज आपण बायपास म्हणतो तो अगदी पहिल्यांदा झाला तो टाक्यांनी नव्हे, तर कडीने! २ मे १९६० रोजी न्यू यॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ याने टँटलम धातूच्या एका छोट्या कडीने छातीतली एक रोहिणी हृदयाच्या रोहिणीला जोडली. रोगी वर्षभर बरा राहिला. पुढच्या वर्षी हृदयविकारानेच गेला. गोएट्झच्या सहकाऱ्यांना हा उद्योग पसंत पडला नाही आणि त्याने तो माणसावर पुन्हा केला नाही. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्हने हातच्या टाक्यांनी तोच जोड केला. १९६७ साली क्लीव्हलँडमध्ये रेने फाव्हालोरो या अर्जेंटिनाच्या शस्त्रवैद्याने पायातली नीला काढून ती बायपाससाठी वापरायला सुरुवात केली, आणि मग ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. ती पसरली टाक्यांच्या बळावर. कडी मागे पडली.

हे टाके म्हणजे काय प्रकरण आहे, ते एकदा सांगितले पाहिजे. हृदयाच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या ज्या रोहिणीला जोड द्यायचा, तिचा आतला व्यास दीड-दोन मिलिमीटर. दोरा केसाइतका बारीक. डोळ्यांना भिंग लावून, श्वास आवरून, त्या इवल्याशा तोंडाभोवती दहा-पंधरा टाके घालायचे. एखादा टाका खोल गेला तर वाट अरुंद होते. उथळ गेला तर गळती लागते. आणि शिवण झाल्यावर तिला विश्रांती नाही. हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडते. दहा वर्षांत ही संख्या ३६ कोटींच्या वर जाते. प्रत्येक ठोक्यासरशी ती शिवण ताणली जाते आणि सैल होते. आईची दहा धुणी कुठे आणि ही ३६ कोटी कुठे!

हे सगळे मला इतके तपशिलाने का ठाऊक, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. अशी शिवण माझ्या स्वतःच्या छातीत आहे. २००८ साली माझ्या हृदयाला तीन नव्या वाटा काढून द्याव्या लागल्या. त्या वेळच्या भीतीचे वर्णन मी करणार नाही. ती सगळ्यांची सारखीच असते. एवढेच सांगतो, की शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी माझ्या शस्त्रवैद्यांना विचारले होते, "डॉक्टर, हल्ली हे जोड यंत्रानेही करतात म्हणे. मग माझे टाके हातानेच का?"

ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "यंत्राने करता येतात. लवकरही होतात. पण काका, दहा वर्षांनी तुम्ही माझ्यासमोर येऊन बसाल, तेव्हा मला तुमच्याकडे बघता आलं पाहिजे."

या उत्तराने मला धीर आला, आणि कुतूहलही जागे झाले. बरा होऊन घरी आल्यावर जे वेळापत्रकाशिवायचे दिवस हाती पडले, त्यांत मी या यंत्रांची माहिती मिळवीत राहिलो. आपल्या अंगात जी वस्तू नाही, तिच्याविषयी इतके वाचणारा माणूस विरळाच. पण ती नाही, हे जसे नशीब म्हणता येईल तसेच ते कोणाचे तरी शहाणपणही असते. आणि ते शहाणपण आले कुठून, हे जाणून घ्यावेसे वाटतेच.

प्रथम या जोडकड्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. कारण त्या केवळ आळसातून जन्मल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. पायातली नीला जेव्हा बायपाससाठी घेतात, तेव्हा तिची दोन्ही टोके जोडावी लागतात. खालचे टोक हृदयाच्या रोहिणीला, आणि वरचे टोक महारोहिणीला, म्हणजे हृदयातून सर्व शरीराकडे निघणाऱ्या त्या मोठ्या नळाला. हा वरचा जोड शिवताना महारोहिणीचा थोडा भाग चिमट्यात पकडून ठेवावा लागतो. तरण्या माणसाची महारोहिणी रबरासारखी लवचीक असते. पण साठी-सत्तरीच्या माणसाच्या महारोहिणीला आतून जुन्या घराच्या भिंतीसारखे पोपडे धरलेले असतात. चिमटा लावला किंवा काढला, की एखादा पोपडा सुटतो आणि रक्ताबरोबर थेट मेंदूकडे जातो. हृदय दुरुस्त करून घ्यायला गेलेला माणूस अर्धांगवायू घेऊन परत येतो. बायपासनंतर शंभरात एक-दोघांना असा झटका येतो. आकडा लहान वाटतो खरा. पण तो एक ज्या घरातला असेल त्या घराला तो शंभरच असतो.

तेव्हा चिमटा न लावता वरचा जोड करता आला तर किती बरे, असे शस्त्रवैद्यांना वाटले तर त्यात नवल नाही. १९९० नंतरच्या दशकात हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावरच बायपास करण्याची रीत रुळू लागली होती. त्यात हा चिमटा फारच सलू लागला. आणि नेमका त्याच सुमारास कारागिरांच्या हाती एक विलक्षण धातू आलेला होता.

या धातूचे नाव नितिनॉल. निकेल आणि टायटॅनियम यांचे हे मिश्रण अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडले. नावातली शेवटची अक्षरे त्या प्रयोगशाळेचीच आहेत. या धातूला स्मरणशक्ती आहे! त्याला एकदा एखादा आकार शिकवला, मग दाबा, चेपा, नळीत कोंबा. मोकळा सोडताच तो आपला जुना आकार आठवतो आणि तसा उमलतो. माणसालाही इतके स्मरण असते तर कितीतरी भांडणे टळली असती, किंवा कदाचित वाढली असती. या धातूपासून सेंट ज्यूड मेडिकल या अमेरिकन कंपनीने 'सिमेट्री' नावाची जोडकडी तयार केली. चांदणीसारखी दिसणारी ही कडी एका नळीत मिटवून ठेवायची. तिच्यावर नीलेचे टोक चढवायचे. महारोहिणीला नेमके गोल भोक पाडायचे आणि कडी आत सोडायची. ती उमलते, तिचे काही हात महारोहिणीच्या आतून आणि काही बाहेरून पकड घेतात, की झाला जोड. ना चिमटा, ना दोरा, ना गाठ. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. मे २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला परवानगी दिली, आणि हजारो रोग्यांच्या छातीत या चांदण्या जाऊन बसल्या.

शस्त्रक्रियागृहातली ती पहिली वर्षे मी डोळ्यांपुढे आणून पाहतो. जोड क्षणात होतो, गळती नाही, रोगी जागा होतो, आठव्या-दहाव्या दिवशी चालत घरी जातो. शस्त्रवैद्याला आनंद, रोग्याला आनंद. त्या दिवशी कोणी विचारले असते, "कशी झालीय शिवण?" तर सर्वांनी एका तोंडाने "उत्तम" असेच सांगितले असते.

पण काही महिने गेले आणि काही रोगी परत येऊ लागले. छातीत पुन्हा दुखू लागले होते. रोहिण्यांत रंगद्रव्य सोडून चित्रे घेतली, तेव्हा अनेकांच्या बाबतीत वाट अरुंद झालेली किंवा बंद पडलेली आढळली. आणि ती कुठे? नेमकी वरच्या तोंडाशी, जिथे ती चांदणी बसली होती तिथे. २००३ आणि २००४ साली अशा हकिगती वैद्यकीय नियतकालिकांतून एकामागून एक प्रसिद्ध झाल्या. सगळीकडे तसेच घडले असे नव्हे. काही शस्त्रवैद्यांच्या हाती निकाल बरेही आले. पण संशय एकदा खरा ठरू लागला की तो थांबवता येत नाही. २००४ साली कंपनीने ही कडी बाजारातून काढून घेतली. तीन वर्षांत खेळ आटोपला.

का झाले असे? कारणे समजून घेतली की आपल्या घरातल्या कितीतरी गोष्टी आठवतात. रक्तवाहिनीच्या आतल्या अंगाला एक अतिशय नाजूक अस्तर असते. ते शाबूत आहे तोवर रक्त सुखाने वाहते. त्याला ओरखडा आला की रक्त गोठू लागते. नीला त्या कडीवर ओढून चढवताना हे अस्तर दुखावण्याची भीती. शिवाय कडीचा काही धातू जोडाच्या तोंडाशी, वाहत्या रक्ताच्या वाटेतच राहणार. शरीराला परकी वस्तू सहन होत नाही. ते तिच्यावर नव्या पेशींचे थर चढवू लागते, आणि दोन-चार मिलिमीटरच्या वाटेत थर चढायला जागा तरी किती असणार? तिसरे कारण मला सर्वांत बोलके वाटते. या कडीने जोडलेली नीला महारोहिणीतून अगदी काटकोनात बाहेर पडे. टाके घालणारा माणूस तोंड तिरपे कापतो, वाहिनीचा कल पाहतो, ती पुढे कुठे वळणार आहे याचा अंदाज घेतो आणि त्या बेताने शिवतो. कडीला एकच कोन माहीत. काटकोनात निघालेली नीला पुढे वळताना मुरडली, की पाण्याच्या रबरी नळीला पीळ पडावा तसा प्रवाह अडे.

यावर माझ्या पुतण्याशी माझा एकदा चांगलाच वाद झाला. तो इंजिनिअर आहे, आणि यंत्राची निंदा त्याला स्वतःची निंदा वाटते.

"काका, पहिली आवृत्ती फसली म्हणून कल्पना चूक ठरत नाही," तो म्हणाला. "विमानंही सुरुवातीला पडायचीच."

"अरे, विमानात बसणाऱ्याला आपण विमानात बसलोय हे ठाऊक असतं," मी म्हटले. "आणि पडलं तर त्याच दिवशी कळतं. इथे पडलंय हे कळायलाच दोन वर्षं लागतात."

"मग दोन वर्षं थांबून बघायचं आणि मग विकायचं. त्यात यंत्राचा काय दोष?"

तो जे म्हणाला तेच खरे आहे. दोष यंत्राचा नव्हता. तो थांबण्याचा होता. अमेरिकेत अशा वस्तूंना परवानगी देण्याची एक जवळची वाट आहे. आपली वस्तू पूर्वी मान्य झालेल्या वस्तूसारखीच आहे, एवढे पटवून दिले की मोठ्या आणि लांबच्या चाचण्यांच्या दारातून जावे लागत नाही. सिमेट्री त्याच वाटेने आली होती. चाकू किंवा चिमटा यांच्यासाठी ही वाट ठीक आहे. त्यांचे काम झाले की ते ताटात परत जातात. पण जी वस्तू माणसाच्या छातीत राहणार, तिची आणि त्याची संगत जन्माची. अशी सोयरीक जुळवताना चार ठिकाणी चौकशी करावी, हे आपल्याकडे शेजारीपाजारीही सांगतील.

पुतण्याच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे, आणि ती मी दडवून ठेवणार नाही. सिमेट्री गेल्यावरही कड्या संपल्या नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कार्डिका या कंपनीने 'पास-पोर्ट' नावाची वेगळ्या घडणीची कडी केली, आणि या वेळी तिची परीक्षा नीट घेतली गेली. २२० रोगी निवडले. प्रत्येकाच्या छातीत निदान दोन नीला जोडायच्या होत्या. त्यांतली एक कडीने जोडली आणि दुसरी हाताच्या टाक्यांनी. कोणती कशी, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले. एकाच छातीत, एकाच रक्तावर, एकाच आयुष्यात दोघे प्रतिस्पर्धी शेजारी शेजारी! याहून न्यायाची कुस्ती कोणती? ९ महिन्यांनी चित्रे घेतली. दोन्ही बाजूंच्या ८० ते ८२ टक्के वाटा मोकळ्या होत्या. कडी हरली नाही. २००८ साली तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. तरीही ती घरोघरची झाली नाही. कंपनीने पुढे आपले नाव बदलले आणि २०१७ च्या डिसेंबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. जी वस्तू जुन्या दोऱ्याइतकीच चांगली आहे, पण दोऱ्याहून कितीतरी महाग आहे, तिच्यासाठी सुई कोण टाकून देणार?

पण या चाचणीतला मला चटका लावणारा आकडा दुसराच आहे. ८२ टक्के मोकळ्या, म्हणजे १८ टक्के बिघडलेल्या. आणि त्या हाताने शिवलेल्यांतही! टाका हा काही मंत्र नव्हे. पायातल्या नीलेला जन्मभर मंद, कमी दाबाच्या रक्ताची सवय. तिला एकाएकी रोहिणीच्या जोरदार प्रवाहात उभे केले, की ती जाड होत जाते, थकते. दहा वर्षांनी अशा नीलांपैकी निम्म्याच्या आसपासच धड चालत असतात. माझ्याही दोन नीलांपैकी एक अकराव्या वर्षी बंद पडलेली दिसली. मला पत्ताही लागला नव्हता. दुसरी चालू आहे. आणि तिसरी वाट, जी नीलेची नव्हे, ती नव्यासारखी वाहते आहे.

या तिसऱ्या वाटेविषयी सांगितल्याशिवाय लेख संपवता येणार नाही. उरोस्थीच्या कडेने आतल्या बाजूला एक रोहिणी वरून खाली उतरत असते. तिचे खालचे टोक सोडवून हृदयाच्या रोहिणीला जोडतात. वरचे टोक जिथे जन्मापासून आहे तिथेच राहते. म्हणजे नीलेला दोन्हीकडून तोडून परक्या घरात आणावे लागते. ही रोहिणी मात्र माहेर न सोडता सासरचे घर सांभाळते. तिला वरचा जोड लागतच नाही. चिमटाही नको आणि चांदणीही नको. पण तिला सोडवणे हे वेळखाऊ, कष्टाचे काम. म्हणून बायपासच्या पहिल्या काळात पुष्कळ शस्त्रवैद्यांनी सोपी नीलाच पसंत केली. रोगी दोन्ही रीतींनी बरे होऊन घरी जातच होते! १९८६ साली क्लीव्हलँडच्या शस्त्रवैद्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा दिसले की हृदयाच्या पुढच्या मुख्य रोहिणीला ज्यांच्या छातीतली रोहिणी जोडली होती, ते केवळ नीला जोडलेल्यांपेक्षा अधिक संख्येने जिवंत होते. दहा वर्षांनी अशा दहांतल्या नऊ वाटा मोकळ्या असतात, असे आता सांगतात. सोपे काय आणि टिकाऊ काय, याचा निकाल लागायला दहा वर्षे जावी लागली. आणि निकाल लागल्यावर तो पुन्हा कोणी फिरवला नाही.

आता मी जेव्हा एखाद्या नव्या उपकरणाची जाहिरात वाचतो, तेव्हा माझे डोळे एकच आकडा शोधतात. शस्त्रक्रिया किती मिनिटांत होते हा नव्हे. रोगी कितव्या दिवशी घरी जातो हाही नव्हे. मिनिटे ही शस्त्रवैद्याची, दिवस हे रुग्णालयाचे. वर्षे तेवढी रोग्याची असतात. आपल्या घाटांतून "अति घाई संकटात नेई" अशी पाटी लावलेली असते. ती वाचून कोणी गाडी हळू हाकतो असे मला कधी दिसले नाही. पण घाटात निदान पाटी आहे. या वाटेवर ती पाटी म्हणजे मागून येणाऱ्या रोग्यांची नोंद. पुढे गेलेल्या माणसांचे काय झाले, हे कोणी तरी टिपून ठेवले म्हणूनच सिमेट्री तीन वर्षांत थांबली. नाही तर ती तीस वर्षे चालली असती, आणि प्रत्येक घराने आपापल्या नशिबाला दोष दिला असता.

आणि ही नोंद केवळ डॉक्टरांच्या हातात नसते. आपल्याकडे माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखले तर. बायपास झाली, पहिले वर्ष पथ्य पाळले, दोन-तीनदा दाखवून आला, की मग "आता काही होत नाही, उगाच कशाला जायचे?" असे म्हणून तो घरी बसतो. दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, हे खरे. पण हृदयाचे दुखणे कधी कधी मुंगीच्या पावलांनी परतही येते. माझी बंद पडलेली नीला दिसली ती मला काही होत होते म्हणून नव्हे, तर नेमाने तपासणीला गेलो म्हणून. त्यामुळे माझी औषधे वेळीच बदलली, हा माझा फायदा. आणि अकराव्या वर्षी एक बंद, दोन मोकळ्या, ही ओळ कोणाच्या तरी वहीत गेली, हा माझ्या मागून येणाऱ्यांचा फायदा. जो बरा आहे म्हणून घरी राहिला आणि जो बरा नाही म्हणून येऊ शकला नाही, त्या दोघांची पाने वहीत सारखीच कोरी दिसतात.

दर वर्षी दिवाळी आटोपली, फराळाचे डबे रिकामे झाले, की मी कागदांची पिशवी काखेत मारून तपासणीला जातो. बाकावर माझ्यासारखेच पाच-सहा जण बसलेले असतात. सदऱ्याच्या वरच्या गुंडीखालून प्रत्येकाची उभी शिवण थोडीशी दिसते. ओळख लागायला तेवढे पुरते. "तुमची कितवी?" असे आम्ही एकमेकांना विचारतो, म्हणजे कितवे वर्ष. कोणी सातवे सांगतो, कोणी तेरावे. गेल्या खेपेला कोपऱ्यातल्या एका आजोबांनी "बाविसावं" म्हटले, तेव्हा आम्ही सगळे सरकून बसलो आणि त्यांना पंख्याखालची जागा दिली.